सातव्या डावातली दया

बेसबॉल हा संघाचा खेळ आहे, आणि संघात कुणीही कधी एकटा नसतो. हे वाक्य एल्मर्स फोर्ड कॉलेजच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर निळ्या रंगात रंगवलेलं होतं. टोबिन कुचेरा चार वर्षं ते रोज वाचायचा, आणि मग बाकाच्या पार टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी, एकटा जाऊन बसायचा.

चार वर्षांत तो मैदानावर एकूण दोन डाव उभा राहिला. उजव्या कोपऱ्यात. त्या दोन डावांत एकही चेंडू त्याच्या दिशेनं आला नाही, त्यामुळे तो कसा खेळतो याबद्दल नेब्रास्का राज्यात कुणाचंच वाईट मत नव्हतं. बॅट घेऊन मात्र तो एकदाही उतरला नाही. पहिल्या वर्षी मनगट मोडलं. दुसऱ्या वर्षी पाऊस. तिसऱ्या वर्षी त्याच्यापेक्षा बरा मुलगा आला, आणि चौथ्या वर्षी त्या मुलाचा धाकटा भाऊ.

बाकावर बसणाऱ्याला काम लागतं, म्हणून कोच स्विहार्टांनी त्याच्या हातात वही दिली होती. समोरच्या पिचरनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यानं, टाकलेला प्रत्येक चेंडू त्यात लिहायचा. टोबिन ते मन लावून लिहायचा. कुठला पिचर कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, टाकण्याआधी ओठ चाटतो, कुठला टाचेनं माती उकरतो, हे त्याला पिचरच्या आईपेक्षा जास्त ठाऊक असे. जोडीदारांना तो ते सांगायचा. ते "थँक्स, कुच" म्हणायचे आणि बाद होऊन यायचे.

त्या वर्षीचा हंगाम फेब्रुवारीत सुरू झाला, म्हणजे मैदानावरचा बर्फ फावड्यानं ओढण्यापासून. मग बसचे प्रवास: कॅन्सस, आयोवा, परत कॅन्सस. टोबिनच्या शेजारच्या सीटवर हेल्मेटांची पिशवी असायची. मे महिना लागेपर्यंत सहा सामने जिंकले होते, तेहतीस हरले होते. त्यातले अकरा दयेच्या नियमानं. नऊ डावांच्या सामन्यात सातव्या डावापासून एक संघ दहा धावांनी पुढे गेला की सामना तिथेच थांबवतात, हरणाऱ्याचे हाल नकोत म्हणून. एल्मर्स फोर्डच्या मुलांना हा नियम तोंडपाठ होता, पण फक्त एका बाजूनं.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची मुलं आईबापांसोबत मैदानात चालत येतात, आईला फूल देतात आणि भोंग्यावरून मुलाची माहिती वाचली जाते. टोबिनची आई अॅरिझोनात नव्या नवऱ्याबरोबर होती. वडील साडेचार तासांवर, गाईंमध्ये.

"दोन गाई अडल्यात रे," ते आदल्या दिवशी फोनवर म्हणाले होते. "उद्या तुला बॅटिंग मिळणार का?"

"कोच म्हणालेत."

"देतो म्हणालेत, की बघू म्हणालेत?"

"देतो म्हणालेत. आठव्या डावात."

"मग मिळाल्यावर फोन कर. नाहीतर रविवारी बोलूच."

तर टोबिन मैदानात आला तो क्रीडा विभागाच्या कारकून मिसेस हॉर्नबेकर यांच्यासोबत. ज्यांचं कुणी येत नाही त्यांच्यासोबत त्याच चालत. घरी त्यांच्या अशा फुलांची एक बरणीच झाली होती.

"ताठ चाल रे बाळा," त्या पुटपुटल्या. "फोटो काढतायत."

"कोण?"

"बाकीच्यांचे. पण आपण मागे दिसतो."

भोंगा म्हणाला, "टोबिन कुचेरा. विषय, हिशेबशास्त्र. आवडती आठवण..." भोंगा थांबला. अर्जात टोबिननं लिहिलं होतं, 'आज संध्याकाळी कळवतो.'

आणि मग ते विपरीत घडलं. संघ खेळायला लागला.

समोर होता गटातला नवव्या क्रमांकाचा संघ, आणि आपली मुलं झाडाला लटकलेली सफरचंदं हाणावीत तसे चेंडू हाणत होती. तिसऱ्या डावात सहा धावा. पाचव्यात पाच. बाकावर नुसता गोंधळ. पंधरा वर्षं संघ सांभाळणारे कोच स्विहार्ट टोपी उलटी घालून हसत होते. टोबिन टाळ्या वाजवत होता आणि वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी करत होता. सहाव्या डावात चौदा-पाच झालं, तेव्हा त्याला घाम फुटला. नऊची आघाडी. आणखी एक धाव, आणि आठवा डाव येणारच नव्हता.

सहाव्यातच तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही टप्प्यांवर, आपली माणसं होती आणि बॅट होती त्याच्या खोलीतल्या जोडीदाराकडे, कॉर्बिनकडे. चार वर्षांचा मित्र. टोबिननं त्याच्याकडे बघून मनापासून इच्छा केली की हा बाद व्हावा. कॉर्बिन बाद झाला. सगळा बाक हळहळला, आणि सगळ्यांत मोठ्यानं हळहळला टोबिन. आयुष्यात कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं. आनंदी माणसांच्या एवढ्या गर्दीत तर नाहीच.

सातव्यात पाहुण्यांना काही जमलं नाही. आपली मुलं पुन्हा बॅटिंगला आली. चार वर्षांत टोबिननं कोचकडे काही मागितलं नव्हतं. तो उठला.

"कोच, मी या डावात गेलो तर?"

"आठव्यात रे! ठरलंय ना? लोक उभं राहून टाळ्या देतील."

"आठवा नाही येणार, कोच. एक धाव झाली की संपलं. दयेचा नियम."

स्विहार्ट धावफलकाकडे बघत राहिले. "पण तो तर आपण..." ते म्हणाले, आणि थांबले. "अरेच्चा. तो आपल्यालाही लागतो होय?"

"हो, कोच."

"मग दुसरा जा तू. पहिला ग्रेडी. त्याला नको काढायला, त्याची आजी ओमाहाहून आलीय."

टोबिनला हरकत नव्हती. ग्रेडी ओस्टरमन पहिल्या वर्षाचा, अंगानं काडी. बेसवर कुणी नव्हतं. ग्रेडी बाद झाला काय, बेसवर पोचला काय, पुढचा टोबिनच. त्याला अडवू शकत होता फक्त होम रन, म्हणजे कुंपणापलीकडे जाऊन थेट धाव देणारा फटका, आणि ग्रेडीनं शाळेतसुद्धा कधी होम रन मारला नव्हता. टोबिन हेल्मेट घालून, बॅटिंगची पुढची पाळी ज्याची असते त्याच्यासाठी आखलेल्या वर्तुळात उभा राहिला. पहिल्यांदाच. बॅट त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हलकी होती.

ग्रेडी जाता जाता त्याच्याजवळ आला. ओठ पांढरे पडलेले.

"कुच, हा काय टाकतो रे? आजी बघतेय. नुसता लागला तरी चालेल."

टोबिननं बॅट जमिनीला टेकवली. म्हणाला, "त्याच्या हातमोज्याकडे बघ. मोज्याचं तोंड पसरलं की कर्व्ह. मिटलेला असला की सरळ, मधोमध. सरळ आला की डोळे मिटून हाण."

"डोळे मिटून?"

"म्हणायची पद्धत आहे रे, लेका. जा."

पहिला चेंडू, हातमोजा पसरलेला. ग्रेडीनं सोडला. दुसऱ्याला मिटलेला. ग्रेडीनं हाणला, आणि दक्षिणेकडून आलेल्या वाऱ्यानं त्यात आपलंही मत दिलं. चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणावरून पलीकडच्या नांगरलेल्या शेतात जाऊन पडला. पंधरा-पाच. सामना संपला.

धाव पूर्ण करून येणाऱ्याला पहिला हात द्यायचा तो पुढच्या खेळाडूनं, अशी रीत आहे. टोबिननं दिला. ग्रेडी रडत होता. "मिटलेला होता, कुच! तू म्हणालास तसाच!" मग सगळा बाक येऊन ग्रेडीवर कोसळला, आणि टोबिन ढिगाबाहेर राहिला, कारण त्याच्या हातात बॅट होती आणि ती कुणाला लागली असती. आजीबाई कठड्याला धरून ओरडत होत्या. कोच धावत जाताना टोबिनच्या खांद्यावर थाप मारून गेले, "सांगितलंस ते बरं केलंस!"

मैदान रिकामं झाल्यावर तो नोंदी करणाऱ्या मुलीच्या टेबलापाशी गेला.

"माझं नाव लावलंयस का?"

तिनं कागद वरखाली पाहिला. "तू खेळलास?"

"वर्तुळात उभा होतो."

"उभं राहण्याचा रकाना नाहीये," ती म्हणाली. कागद त्याच्याकडे फिरवून तिनं दाखवलंही. खरंच नव्हता.

हंगाम सात विजय आणि तेहतीस पराभवांवर संपला. दहा संघांच्या गटात एल्मर्स फोर्ड दहावा आला. आदल्या आठवड्यातही तो दहावाच होता.