नाव न घेतलेली पीडा

पोळ्याच्या सांजेला पिंपळझरीत घराघरांच्या दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. घरातली सगळी पीडा रातभर त्या फांद्यांत उतरते, असं जुनी माणसं मानतात. दुसऱ्या दिवशी पहाटे मेढे गोळा करायचे आणि नाल्यापलीकडे, गावाच्या शिवेवर नेऊन फेकायचे. या मिरवणुकीला मारबत म्हणतात, आणि पीडा वाहून नेणारीही तीच. वाटेनं एकानं पीडेचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत." ढेकूण म्हणा, मोंगसे म्हणा, खोकला म्हणा, खरूज म्हणा. जिचं नाव घेतलं ती गेली. जिचं नाव राहिलं ती वर्षभर गावात मुक्कामाला.

नाव घेण्याचा मान महादेवरावांचा होता. त्यांच्या आधी त्यांच्या बापाचा होता. महादेवरावांचा आवाज असा, की आर्वीच्या बाजारात त्यांनी आपल्या बैलाला हाक मारली तर दुसऱ्यांचे बैल मान वळवत.

गावाच्या वरच्या अंगाला सूत रंगवणारी कंपनी आली, तेव्हापासून नाल्याला स्वतःचा रंग राहिला नाही. कधी जांभळा, कधी विटकरी. त्या पाण्यात पाय पडला की कातडी उलायची. पण कंपनीनं पोरांना नोकऱ्या दिल्या, शाळेला रंग दिला, चौकात गाळलेल्या पाण्याची टाकी बसवली. म्हणून लोक नाल्याबद्दल घरात बोलत आणि चौकात गप्प राहत. महादेवरावही गप्प राहत. त्यांची नात माधवी त्याच कंपनीच्या ऑफिसात होती. कंपनी निसर्गासाठी काय काय करते, हे लोकांना सांगणारे अहवाल, पाट्या, फिल्मा, सगळं लिहायचं काम तिचं.

त्या उन्हाळ्यात महादेवरावांचा बांड्या बैल दावं तोडून नाल्यावर गेला, पोटभर प्याला आणि दोन-तीन दिवसांत गोठ्यात आडवा झाला. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, विषबाधा वाटते, कशाची ते सांगता येत नाही. पोळ्याला महादेवराव उरलेला एकटा बैल घेऊन तोरणाखाली उभे राहिले. जोडीची जागा मोकळीच होती. तिथून घरी येता येता त्यांनी मनाशी ठरवलं, की उद्या नाल्याचं नाव घ्यायचं.

घरी माधवी आलेली होती.

"आबाजी, उद्या अंकित येऊन राह्यला नागपूरहून. कंपनीची फिलम काढाची आहे. मारबत पायजे त्याले."

"मारबत कायले पायजे?"

"गावाची परंपरा दाखवाची. झाडं, टाकी, शाळा, आन् मधात तुमी."

"नाला?"

माधवीनं बाज ओढली आणि बसली. "नाला नाई त्याच्यात."

"काऊन?"

"आबाजी, मी खोटं एक अक्षर लिहीत नाई. झाडं लावली, ते खरं. टाकी दिली, ते खरं. पाणी तपासलं, चांगलं निघालं, तेबी खरं."

"कवा तपासलं?"

माधवी म्हणाली, "याच श्रावणात."

"पूर आलता तवा. पुरात तर गटारबी गंगा होते वो बाई."

शेजारचा कैलास उंबऱ्यावर सुपारी कातरत बसला होता. दोघांच्या भांडणात त्याला भाकरीपेक्षा जास्त गोडी. तो म्हणाला, "जाऊ द्या ना मोठेबाबा. बैल बाजारात नेला का आपणबी त्याचा दुखरा खांदा झुलीखाली झाकतोच."

"झाकतो ना. पण घेणाऱ्यानं झूल उचलली तर त्याचा हात नाई धरत."

कैलास हसला आणि अडकित्ता चालवू लागला. माधवी हसली नाही.

"मी नाई लिहिलं तर दुसरा कोणी लिहीन," ती म्हणाली. "त्याले हा नाला कुठून वाह्यते तेबी मालूम नसन. साहेबाले लिहाचं होतं, नाला स्वच्छ केला म्हणून. मी भांडून ते वाक्य काढलं. तुमाले वाटते मी नुसती खुर्ची उबवून राह्यली?"

"मंग त्या जागी काय लिहिलं?"

"काईच नाई."

"तेच तर म्हणून राह्यलो मी. खोट्याले निदान पकडता येते. जे बोललंच नाई त्याले कुठं पकडाचं? ज्याचं नाव नाई घेतलं ते जात नाई, माधवी. आपल्या बापजाद्यांले एवढं तरी समजत होतं."

तिनं मान वर करून विचारलं, "उद्या तुमी नाव घेसान?"

"घेईन."

"माझं काय होईन, इचार केला?"

केला होता. त्यांनी गोठ्याकडे बोट केलं. तिथं खुंटे दोन होते आणि बैल एक. माधवी उठली आणि चुलीकडे जाता जाता म्हणाली, "घ्या मंग. मी नाई आडवी येत."

पहाटे मारबत निघाली. महादेवराव पुढं, खांद्यावर मेढे, मागं गाव. अंकित कॅमेरा घेऊन उलटा चालत होता. माधवी त्याच्या पाठीशी, कुठं खड्ड्यात पडू नये म्हणून त्याचा सदरा धरून.

"ढेकूण, मोंगसे."

"घेऊन जा गे मारबत," गाव गरजलं.

"खासी, खोकला, ताप."

"घेऊन जा गे मारबत."

नाला दिसू लागला. त्या दिवशी पाणी वांग्याच्या रंगाचं होतं. महादेवरावांनी छाती भरून घेतली. कॅमेरा समोर आहे, म्हणजे हा आवाज गावाच्या बाहेर जाईल, नागपूरला जाईल, मोठ्या साहेबांच्या कानावर पडेल, असं त्यांना खरंच वाटत होतं.

"नाल्यातलं कंपनीचं पाणी."

मागून आवाज आला नाही. कोणाचा पोरगा तिथं कामाला होता, कोणाचा जावई. कैलासनं अर्धं "घेऊन" म्हटलं आणि खोकल्याचं निमित्त केलं. महादेवरावांनी पुन्हा हाक दिली, गळ्याच्या शिरा तटतटेपर्यंत. माधवीचे ओठ हलले. पण आवाज निघाला की नाही, हे तिलाच ठाऊक. मग सगळ्यांनी मेढे फेकले आणि खाली मान घालून घरी आले.

थंडीत कंपनीनं चौकात पडदा लावला. आधी झाडं आली. मग टाकी, मग शाळेतल्या पोरी, ओंजळीनं पाणी पिताना. आणि मग अख्ख्या पडद्याभर महादेवराव. खांद्यावर पळस, तोंड उघडं, शिरा फुगलेल्या. आवाज मात्र बासरीचा. कोणी बाई गोड गळ्यानं म्हणत होती, "मातीशी नातं जपणारी माणसं, आणि त्यांच्या सोबतीला उभी असलेली आमची कंपनी."

जबड्याच्या ठेवणीवरून महादेवरावांनी ओळखलं, पडद्यावर आपण नाल्याचंच नाव घेत आहोत. कैलासनंही ओळखलं असावं, कारण तो एकदम चपला शोधू लागला. बाकी गावानं टाळ्या वाजवल्या.

माधवी घरी येऊन भिंतीशी उभी राहिली. "तुमचं चित्रच काढून टाका म्हटलं होतं मी, आबाजी. साहेब म्हणे, चेहरा लय बोलका आहे. आवाज तेवढा काढला."

"शब्द तुयेच होते?"

"हो."

"खोटं तर काई नव्हतं त्याच्यात."

तिला हे बोलणं फार लागलं. "नोकरी सोडते मी. तुमी म्हणा फक्त."

"सोडून काय होईन? चित्र थोडीच उतरन."

तिनं नोकरी सोडली नाही. महादेवरावांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. आर्वीच्या रस्त्यावर, फाट्याजवळ, मोठी पाटी लागली. वर झाडं, खाली उघड्या तोंडाचे महादेवराव. एसटी डेपोत अनोळखी माणसं विचारू लागली, "पाटीवरचे बाबा ना तुमी?" सुरुवातीला ते सांगायचे, की आपण त्यात खरं काय ओरडत होतो. लोक हो हो म्हणत आणि फोटोसाठी शेजारी उभे राहत. मग त्यांनी सांगणं सोडलं आणि बाजाराला जाणंही कमी केलं.

पुढच्या पोळ्याला अंकित पुन्हा आला.

"आबाजी, मागच्या वर्षीसारखंच करायचं," तो आदरानं म्हणाला. वाईट पोरगा नव्हता तो. "आवाज नाही दिला तरी चालेल. फक्त तोंड तसंच उघडा."

महादेवरावांनी तोंड मिटून घेतलं ते मिटूनच ठेवलं. नावं कैलासनं घेतली. ढेकूण, मोंगसे, खोकला. गावानं जोरात साथ दिली. नाला आला तसा कैलास थबकला आणि त्यानं महादेवरावांकडे पाहिलं. महादेवराव पाण्याकडे पाहत होते. कैलास पुन्हा ढेकूण म्हणाला.

मेढे फेकून झाले. माधवी त्या वर्षी आली नव्हती, तिला ऑफिसात काम होतं. अंकितनं कॅमेरा खाली केला आणि काय निघालं ते तिथंच पाहिलं.

"हेही चांगलं आलं, आबाजी," तो म्हणाला. "समाधानी दिसता यात."