कर भरलेला जुगार

कुसुमबाईचा घात पोलिसांनी केला असं पूर्णा गावात सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. पहिला घात मी केला, तोही अर्ज लिहून, तीन प्रतींत.

मी माणिकराव, रेल्वेचा निवृत्त पार्सल क्लार्क. तेहतीस वर्षं पावतीशिवाय कोणाचं पोतं हलू दिलं नाही. कागद पक्का असला की माणसाला भ्यायचं कारण नाही, अशी माझी समजूत होती. आज त्या समजुतीची मला चीड येते.

कुसुमबाई दहा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. मुलगी झाली तीही उसाच्या फडातच. लेक पाच वर्षांची झाली तेव्हा बाईने कोयता माळ्यावर टाकला आणि स्टेशन रोडवर चहाचं हॉटेल काढलं. "लेकीला आता पाचटात निजवायची न्हाई बाबूजी, साळंत घालायची," असं तिने मला बजावून सांगितलं होतं. हॉटेलचा परवाना दर वर्षी नवा करावा लागे. त्या कागदावर तिचं सगळं घर उभं होतं.

सत्त्याऐंशी साली क्रिकेटचा विश्वचषक आपल्याकडे भरला आणि हॉटेलात एक खेळ सुरू झाला. दोन्ही संघांच्या बावीस खेळाडूंतून आपल्या पसंतीचे अकरा निवडायचे आणि टॉसच्या आत यादी डब्यात टाकायची. धावेला एक गुण, विकेटला वीस. प्रवेश एक रुपया, पहिल्या येणाऱ्याला स्टीलचं पातेलं. रेडिओ लावून दिवसभर वाद चालत. रामकिशन पॉइंट्समनने ओळीने चार पातेली नेली, कारण तो खेळपट्टीचा अभ्यास करायचा. "माती कोरडी हाय, आज फिरकीवाले घ्या," असं सांगून तो दुसऱ्यांनाही शहाणं करी. मी मात्र दर वेळी हरायचो, हे गावभर ठाऊक होतं. कुसुमबाईला अक्षर येत नव्हतं, पण कोणता फलंदाज डावखुऱ्या गोलंदाजापुढे गडबडतो ते ती चहा गाळता गाळता सांगे. विश्वचषक संपला तरी खेळ थांबला नाही. थंडीतही मॅचेस होत्याच.

तिथे मला अवदसा आठवली. "बाई, प्रवेश फी घेता, तर सरकारला कळवलेलं बरं," मी म्हणालो.

"चार मान्सांचा खेळ हाय बाबूजी. सरकारला कशापायी उठवायलाव?"

मी ऐकलं नाही. खेळाचे नियम लिहिले, नमुना म्हणून याद्या जोडल्या, तिचा अंगठा घेतला आणि परभणीला एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबाने अर्ज वाचला. "लोक पैसे देऊन मन रमवतात ना? मग करमणूक कर लागू होतो," तो म्हणाला. कर भरून घेतला आणि शिक्क्याची पावती दिली. मला केवढा आनंद झाला. पावतीला काच बसवून मी ती गल्ल्याच्या वर भिंतीला टांगली. कोणी बोट दाखवलं तर दाखवायला पुरावा असावा म्हणून.

पुरावा झाला खरा. जानेवारीत फौजदार दोन शिपाई घेऊन आला. त्याने याद्यांचा डबा घेतला, दोन पातेली घेतली, मग भिंतीकडे बघून हसला आणि ती चौकटही उतरवायला लावली.

"लय सोपं केलंत काम. पैसे घेऊन खेळ चालतो हे तुमच्याच कागदावर हाय."

"साहेब, हा जुगार असता तर सरकारने कर कसा घेतला असता?" मी विचारलं.

"ते खातं येगळं, आमचं खातं येगळं."

"पण ह्याला डोकं लागतं. नशिबाचा खेळ नाही हा."

"डोकं लागतं, तर तुमी दर येळेला हरता कसे?" शिपाई हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

समोरच व्यंकटीचा लॉटरीचा स्टॉल होता. तिकिटांवर राज्य सरकारचं नाव छापलेलं. कुसुमबाईने तिकडे हात केला.

"साहेब, त्येच्या तिकिटाचा आकडा घ्या अन् माज्या डब्यातली यादी घ्या. कोन्ता कागद लिवायला डोकं लागलं, तेवडं मला सांगा."

"ती सरकारी लॉटरी हाय," फौजदार म्हणाला. त्याला तेवढं उत्तर पुरेसं वाटत होतं. देशात चोरीचं दुकान सरकारचं असलं की त्याला चोरी म्हणत नाहीत, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

बाईवर जुगाराचा खटला भरला. वकिलाने सल्ला दिला: गुन्हा कबूल करा, किरकोळ दंड भरा, मोकळ्या व्हा. सगळे तसंच करतात. बाई कबूल होईना. "जे केलंच न्हाई ते कबूल केलं, तर उद्या लेकीला जुगारवालीची पोर म्हनतील." मग तारखांवर तारखा पडल्या. कधी साक्षीदार नाही, कधी साहेब रजेवर. तेवढ्यात परवान्याची मुदत संपली. खटला चालू आहे म्हणून परवाना नवा होणार नाही, असं लेखी उत्तर आलं. हॉटेलला कुलूप लागलं.

दिवाळीनंतर ऊसतोड टोळीचा ट्रक तिच्या दारात उभा राहिला. मुकादमाकडून उचल घेतली होती, आता जाणं भाग होतं. मी निरोप द्यायला गेलो होतो. कोणत्या तोंडाने, ते मला विचारू नका. इतक्यात परभणीच्या त्या कर कचेरीचा एक शिपाई कुसुमबाईचं घर विचारत आला. हातात नोटीस. मी वाचून दाखवली. स्पर्धा बंद केल्याची सूचना आपण दिलेली नाही, सबब ती चालू असल्याचं धरून जानेवारीपासूनचा करमणूक कर दंडासह भरावा.

बाईने दोनदा वाचायला लावली.

"म्हंजे एक सरकार म्हनतंय खेळ केला म्हनून गुन्हा, अन् दुसरं म्हनतंय खेळ चालूच हाय?"

"सरकार एकच आहे, बाई," मी म्हणालो. मला तिच्याकडे बघवेना.

तिने भांड्यांचं बोचकं ट्रकवर चढलेल्या नवऱ्याच्या हाती दिलं, मग लेकीला उचलून बोचक्यावर बसवलं. पोरीच्या अंगावर शाळेचाच निळा फ्रॉक होता. तिसरीत होती ती.

"सही पायजे," शिपाई म्हणाला. बाई ट्रकवर चढली. त्याने पेन माझ्यापुढे केलं. "तुमी तरी करा, शिकलेले दिसता."

मी हात मागे घेतला. ट्रक सुरू झाला.

"मग दाराला डकवू का?"

"डकवा," मी म्हणालो. "अन् खाली लिहा, कर भरणारी ऊस तोडायला गेली. लेकीला घेऊन."