खुंट्याची भोके

१९३१ च्या पावसाळ्यात कुडपणचे गोमाजी विषमज्वरातून वाचले. पाय मात्र काडीसारखे झाले. वय सत्तरीपुढचे. महाडला माझा दवाखाना होता. ‘पूर्ण विश्रांती; चालू देऊ नये,’ असे मी त्यांची सून शकू हिला बजावले होते.

शिमग्याला मुलगा मुरारी मुंबईहून आला, तो मला घेऊनच डोंगर चढला. बाप चालत नसेल तर डोलीतून डोंगराखाली आणून मुंबईच्या खोलीत न्यायचा, असे त्याने ठरवले होते. कुडपण सोडण्यास गोमाजी तयार नव्हते. निकाल मी द्यायचा होता.

अंथरूण रिकामे होते. अंगणापलीकडे उंबराखाली गोमाजी काठी टेकून शेळीला पाला भरवत होते.

“डागतरांचं आयकलं नायस?” मुरारी बायकोवर ओरडला.

“शेळी माझ्या हातचं खात नाय. मामांनाच जावं लागतं.”

एकाच हातचा पाला खाणारी शेळी माझ्या पाहण्यात नव्हती. मी डहाळी पुढे केली. शेळीने ती खाल्ली आणि नंतर माझ्या कोटाची बाही चघळू लागली. शकूने पदर तोंडाला लावला.

तेव्हा मला भोके दिसली. ओट्यापासून उंबरापर्यंत, दोन-दोन हातांवर, मातीने बुजवलेली एकवीस. विचारल्यावर शकूने कबूल केले: दर सोमवारी ती शेळीचा खुंटा उपटून पुढे ठोकत होती.

“दावं तेवढंच, नि शेळी लांब लांब जाते, ह्ये मला कळत नाय व्हय?” गोमाजी म्हणाले. “पण बोललो असतो तर पोरगी घाबरून थांबली असती.”

“अंगणात कोणीपण चालंल,” मुरारी म्हणाला. “पाणवठ्यावर जाऊन दाखवा.”

गोमाजी निघाले. मी घड्याळ काढले. उतरायला अकरा मिनिटे, चढायला एकोणीस. वाटेत दोनदा थांबले, दोन्ही वेळा मुरारीचा हात झिडकारला. ओट्यावर टेकल्यावर नाडी एकशे आठ; चिलीम भरेपर्यंत चौऱ्याऐंशी.

एका रुग्णावरून नियम सिद्ध होत नाही. माझा सल्ला चुकीचा होता, एवढे मात्र सिद्ध झाले. मी ते तिघांसमोर सांगितले आणि डोली रद्द करायला लावली.

शकू खुंटा उपटत होती.

“आज सोमवार नाय गो,” गोमाजी म्हणाले.

“नसूंदे. आता पाणवठ्याच्या वाटेला ठोकते.”

बाविसावे भोक मुरारीने बुजवले.