धक्क्यावरची टोपलीवाली

मी धक्क्यावरची टोपलीवाली बोलतेय. हो, तीच! बंदराच्या फाटकासमोर अर्धवट उचललेली टोपली घेऊन उभी असलेली ब्राँझची बाई. कामगारांचं स्मारक म्हणतात मला. माझ्यासमोर भाषणं पुष्कळ झाली, पण मला कुणी बोलू दिलं नाही. आज मीच बोलणार.

माझा जन्म ओताऱ्याच्या भट्टीतला. साचा घडवताना शिल्पकार बाई हट्टाने म्हणाल्या होत्या, "टोपली डोक्यावर नको, छातीशीच राहू दे." कारण मासळीने भरलेली टोपली एकटीने डोक्यावर चढत नाही. धक्क्यावरची रीतच आहे, कुणी टोपली उचलताना दिसली की येणाराजाणारा हात लावतो. त्याला ओळख लागत नाही. आभारही कुणी मानत नाही.

माझं अनावरण झालं आणि दुसऱ्याच दिवशी कामावर निघालेली एक बाई माझ्यापाशी थांबली. टोपलीच्या तळाला हात लावून म्हणाली, "उचल गं बाई, किती ताटकळशील?" मागच्या सगळ्या खिदळल्या. मग ती सवयच पडली. खाऱ्या वाऱ्याने माझं अंग हिरवट झालं, टोपलीचा तळ मात्र लखलखीत. काय मिरवायचे मी!

हेच खुपलं स्मारक समितीच्या ज्येष्ठांना. अध्यक्ष म्हणजे सगळ्यांचे काका, स्वतः जुने हमाल. ते म्हणाले, "येता-जाता हात लावतात, पुतळ्याचा मान राहत नाही. चारी बाजूंनी उंच जाळी बसवा."

जाळीआड उभी राहून मी काय करू? टोपली जन्मभर तशीच अधांतरी?

काकांची पुतणी बंदरात क्रेन चालवते. ती उसळलीच. "काका, तिला मान नकोय, मदत हवीय!"

"तू कालची पोर. आम्हाला शिकवू नकोस."

"कालची आहे, पण रोज कामावर असते. तुम्ही रोज सभेत असता!"

वा गं पोरी!

तरी जाळी आलीच. टेम्पोतून उतरवताना ती एका बाजूला कलली. काकांनी जुन्या सवयीने खांदा दिला आणि तसेच अडकून बसले. कामाची पाळी नुकतीच सुटलेली, धक्का माणसांनी भरलेला.

"अरे, बघताय काय? हात लावा की!"

सगळे हाताची घडी घालून उभे. पुतणी अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमचा मान राखतोय, काका. लांबूनच."

काका लालबुंद झाले. मग मिशीतून हसू फुटलं. "पुरे गं बये, कळलं! आता हात लावा."

धावले सगळे. जाळी उचलली आणि थेट टेम्पोत परत ठेवली. हार मानतील तर ते काका कसले! जाता जाता बजावलंच, "पण हात धुऊन लावायचे!"

कुणीही धुऊन लावत नाही. माझ्या टोपलीला मासळीचा वास येतो आणि मला तो आवडतो.

तुम्ही कधी इकडे आलात तर समोर उभे राहून फोटो काढत बसू नका. वाकून नमस्कारही नको. टोपलीखाली हात घाला. जड आहे हो, खरंच.