हौदातले शाकाहारी

रुद्रप्पा खोटं बोलत नव्हता असं नाही. किराण्याचं दुकान होतं. "आजच आलाय, एकदम ताजा" हे वाक्य तो चाळीस वर्षं न अडखळता बोलत आला होता. पण ते गिऱ्हाइकाशी. बायकोशी खोटं बोलायची त्याची छाती एकदाच झाली, तीही माशांपायी.

केज तालुक्यातल्या त्याच्या गावात नळाला बाराव्या दिवशी पाणी येतं. त्यामुळं घरोघरी हौद, पिपं, टाक्या, आणि त्यात डासांच्या अळ्या. सरकारचं म्हणणं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळं पाणी ओतून भांडी वाळवा. बाराव्या दिवशी पाणी आणि सातव्या दिवशी कोरडा. हे ज्यानं ठरवलं त्याच्या परसातून बहुतेक नदी वाहत असावी.

श्रावणात रुद्रप्पाची अकरा वर्षांची नात शिवांजली डेंग्यूनं पडली. तिचे आईबाप पुण्याला कामाला, पोर आजी-आजोबांकडं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पाच दिवस सलाईन चाललं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पुन्हा झाला तर जास्त अवघड जाईल. घरात डास होऊ देऊ नका." साखर तोलतानासुद्धा रुद्रप्पाच्या कानात तेच वाजायचं.

आठवड्याभरात गावची आशाताई अंजना प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली आणि अंगणातल्या हौदात ओतून मोकळी झाली. बोटाच्या पेराएवढे बारा गप्पी मासे.

"अळ्या खातेत काकू. औषधाची गरज न्हाई," ती म्हणाली, भिंतीवर गेरूनं तारीख टाकली आणि पुढच्या घरी गेली.

रुद्रप्पाची बायको बसम्मा तोंडाला पदर लावून बघत राहिली. या घरात तीन पिढ्यांत अंडं आलेलं नव्हतं. रोज सकाळी याच हौदातलं पाणी ती तळहातावरच्या इष्टलिंगाला घालायची.

"आवो, मासळीचं पाणी देवाला घालू का मी? काढून टाका."

"आन् पोरीचं काय?"

बरं, काढून टाकायचे तरी कुठं? बाहेर टाकले तर मरतील, ते पाप. शेजारचे मोहनराव म्हणाले, "द्या इकडं, तव्यावर घेतो," म्हणजे दुप्पट पाप. अंजनाला परत न्यायला सांगितलं तर ती म्हणाली, "काका, रजिस्टरला तुमच्या नावावर लागलेत. परतीचा रकानाच न्हाई." मासे सरकारचे, हौद रुद्रप्पाचा आणि देव बसम्माचा, असा तिढा पडला.

बसम्मानं घरच्या पाण्याला हात लावायचं सोडलं. पासष्टाव्या वर्षी, गुडघे धरत, ती वेशीबाहेरच्या हापशावरून घागर आणू लागली. चौथ्या दिवशी रुद्रप्पाला ते बघवेना. तो बोलून गेला.

"आगं, हे मासे शाकाहारी हायेत."

"अंजना तर अळ्या खातेत म्हणली."

"तिला काय कळतंय? शेवाळ खातेत ते. शेवाळच न्हाई म्हणल्यावर डास अंडी कशावर घालंल?"

बसम्मानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं एवढं शास्त्र कधी सांगितलं नव्हतं. पण गुडघे फार दुखत होते. तिनं घागर पालथी घातली.

इथवर ठीक होतं. पण दारातलं कुत्रंही उपाशी जाऊ द्यायचं नाही, असा बसम्माचा स्वभाव. "नुसत्या शेवाळावर कसं भागंल लेकरांचं?" म्हणत तिनं ज्वारीच्या भाकरीचा चुरा टाकला. मासे तुटून पडले. मग सकाळी भाकरी, दुपारी शेंगदाण्याचं कूट आणि सोमवारी, उपास म्हणून, भगर. महिना-दीड महिन्यात बाराचे पन्नास झाले. तिची चाहूल लागली की सगळे काठाशी गोळा व्हायचे. शेजारणींना ती कौतुकानं सांगायची, "लई गुणाचे हायेत. आपल्यातलेच."

एकदा रुद्रप्पाला पाण्यावर काहीतरी वळवळताना दिसलं. त्यानं चष्मा पुसला आणि काचेवर डाग असेल असं स्वतःला समजावलं. खरं बोलावं तर लबाडी उघडी पडत होती. तो गुपचूप दुकानात जाऊन बसला.

आणि एका बुधवारी शिवांजली शाळेतून भरदुपारी परत आली. अंग चुलीवरच्या तव्यासारखं. रुद्रप्पा दुकान उघडं टाकून अंजनाला बोलावून घेऊन आला. अंजनानं पोरीला उपकेंद्रात नेऊन तपासणीला रक्त द्यायला लावलं. रिपोर्ट शुक्रवारी येणार होता. परत आल्यावर तिनं हौदात टॉर्च मारली. वर अळ्यांची गर्दी, आणि खाली पन्नास मासे जेवून पडलेल्या पाहुण्यांसारखे सुस्त.

"हे अळ्या कावून खाईनात?" ती म्हणाली.

"शाकाहारी हायेत ते," बसम्मा म्हणाली. "भाकरी खातेत."

अंजनानं रुद्रप्पाकडं पाहिलं. आता दडायला जागा नव्हती.

"मी लबाड बोललो," तो म्हणाला. "ते अळ्याच खातेत. तू पोटभर घातलंस म्हणून खाईनात. मला दिसलं हुतं, तरी मी गप बसलो."

भाकरीची दुरडी आत ठेवून बसम्मा हौदाच्या काठावर येऊन बसली.

"आजपासून ह्यास्नी उपास," ती म्हणाली. "आन् मला बी."

माशांना काही उमगेना. ते काठाशी येऊन तोंडं उघडत राहिले. बसम्मा डोळे पुसत त्यांना विनवायची, "खावा की रे बाबांनो. म्होरंच हाय तुमच्या. माझ्या पोरीसाठी खावा." मध्येच आत जाऊन शिवांजलीच्या कपाळावरची पट्टी बदलायची आणि पुन्हा काठावर. रुद्रप्पानं दोनदा चहा आणला, दोनदा तो निवून गेला.

गुरुवारी दुपारी एक मासा वर आला, अळीपाशी थबकला आणि त्यानं ती गिळली. मागोमाग दुसऱ्यानं.

"खाल्ली," बसम्मा म्हणाली आणि तिनं भाकरी मागितली.

शुक्रवारी रिपोर्ट आला. डेंग्यू नव्हता, साधा ताप होता. रुद्रप्पा दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांदेखत रडला.

शनिवारी सकाळी त्यानं स्वतः हापशावरून घागर भरून आणली आणि बसम्माच्या पूजेपाशी ठेवली. तिनं ती बाजूला सारली. तांब्या घेऊन हौदाशी गेली, हातानं हळूच मासे दूर केले, पाणी भरलं आणि तळहातावरच्या लिंगाला घातलं.

"जे मासे माझी पोर राखतेत, त्यांचं पाणी देवाला चालतंय," ती मागं न बघता म्हणाली. "तुमी खरं सांगितलं असतं तर तवाच चाललं असतं."