वरची लाल ओळ

मी एक लाल ओळ बोलतेय. मोबाइलचं अ‍ॅप बांधताना कुठे काही बिघडलं, की संगणकाच्या पडद्यावर उमटते ती मी. चूक सापडेपर्यंतच माझं आयुष्य. सापडली की मला पुसतात आणि घरात आनंदीआनंद होतो. आपल्या जाण्याने लोक एवढे खूश होतात हे बघत जगणं काही सोपं नाही.

माझा जन्म आज दुपारचा, इजिप्तमधल्या मन्सूरा शहरात, रिहामच्या स्वयंपाकघरात, भाजीच्या टेबलावर. तिचे वडील बयूमी हे गल्लीचे मुसह्हराती. रमजानात पहाटेआधी ढोलकं वाजवत फिरायचं, प्रत्येकाला नावाने हाक मारून सहरीच्या जेवणाला उठवायचं, हे त्यांचं काम. गेल्या वर्षी ते जिन्यावरून पडले आणि गुडघे गेले. म्हणून रिहामने त्यांच्या हाका टेप करून अ‍ॅप बांधायला घेतलं. ज्याचा फोन, त्याच्या नावाची हाक. उद्या पहिला रोजा, आणि अ‍ॅप काही केल्या बांधून होईना.

"नाही झालं तर मी आहेच की," बयूमी म्हणाले. "जाईन काठी टेकत."

"बाबा, गप बसा. डॉक्टर काय म्हणाले विसरलात?"

"डॉक्टरला सहरीला कोण उठवतं, ते विचार आधी."

चुलतभाऊ वाएल मदतीला आला. त्याने सगळ्यात खालची ओळ वाचली, 'बांधणी फसली.' ती माझी धाकटी बहीण. नुसती रडते, कारण सांगत नाही. मी होते बरीच वर, मला कोण विचारतो!

"सगळं पुसून टाक, पहिल्यापासून बांध," वाएल म्हणाला. "मी नेहमी तेच करतो."

"म्हणूनच तुझं एकही अ‍ॅप चालत नाही," रिहाम म्हणाली. पण पुसलं तिने.

झालं! अ‍ॅपला लागणारे, आधी उतरवून ठेवलेले तयार सुटे भागही गेले. आता ते सगळे पुन्हा इंटरनेटवरून आणायचे, आणि घोडं तर तिथेच अडलं होतं. भाग जिथून यायचे त्या सर्व्हरबद्दल मी कधीची सांगत होते, 'या सर्व्हरच्या ओळखीच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे.' वाएलने ओझरतं पाहिलं.

"त्यांच्याकडेच काहीतरी बिघडलंय. थांबू या."

थांबायला वेळ होता कुठे? रिहामचे डोळे भरून आले. बयूमी उठून काठी शोधायला लागले. मला फार वाईट वाटलं.

"काका, निदान इथूनच, आपल्या दारापासून सुरुवात करा," वाएल म्हणाला. "चालणं वाचेल."

"मधूनच? आणि पहिल्या घराची सहरी चुकली की शिव्या कोण खाणार, तू? हाक गल्लीच्या तोंडापासूनच मारायची असते, बाळा."

रिहाम थबकली. तिने पडदा पार वर सरकवला आणि पहिल्यापासून वाचत खाली आली. माझ्यापाशी थांबली.

"काल तर चालत होतं. एका दिवसात मुदत कशी संपेल?" तिची नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. "अरे देवा! वाएल, इथे पुढचं वर्ष दिसतंय!"

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पुढच्या वर्षीही हाक वेळेवर येते का ते पाहायला तिने काल संगणकाची तारीख वर्षभर पुढे नेली होती, आणि मागे आणायची राहिली. दुपारभर उत्तरं शोधली ती फोनवर, तिथली तारीख बरोबर, म्हणून चूक लक्षातच आली नाही. संगणकाला मात्र सगळं जग मुदत संपलेलं दिसत होतं.

आता तारीख जागेवर आलीय. रिहामचं बोट बटणावर आहे. म्हणजे मी निघाले. जाता जाता एवढंच सांगते, खालची रड ऐकून हात टेकू नका. जरा वर या. तिथे मी असते, आणि मी खरं तेच सांगते.

आणखी एक. अ‍ॅपमधलं सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं, म्हणून मला ठाऊक आहे. बयूमींनी गल्लीतल्या प्रत्येकाला हाक मारलीय. त्यांना मात्र आजवर कुणीच उठवलं नाही. त्यांच्या फोनसाठी रिहामने गुपचूप स्वतःच्या आवाजात एक हाक ठेवलीय. ती वाजेल तेव्हा मी नसेन, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते:

"बाबा, उठा. गल्ली जागी झालीय. तुम्ही फक्त जेवायला या."