नऊ नंबरची पट्टी

पाच डिसेंबरला सकाळी सात वाजता धक्क्यावर हे होतं: पाण्यात अकरा नावा, किनाऱ्यावर उलटी घातलेली एक. वल्ही तेवीस. लाइफ जॅकेटं चोवीसच्या चोवीस, आपापल्या खुंट्यांवर. आणि नावा भाड्यानं देायच्या आमच्या टपरीतल्या फळीवर बारा खिळे, अकरा लाकडी पट्ट्या.

आमच्याकडे नाव नेणारा तिच्या नंबराची पट्टी खिशात घालून नेतो आणि परतल्यावर खिळ्याला लावतो. सगळ्या पट्ट्या लागल्याशिवाय टपरी बंद करायची नाही. एकवीस सप्टेंबरला दुपारी माझा मोठा भाऊ, रियोहेईदादा, दोर सुटून तरंगत चाललेला बोया आणायला नऊ नंबर घेऊन गेला. "दहा मिनिटांत येतो," म्हणाला, म्हणून जॅकेट घातलं नाही. वारा फिरला. नाव पलीकडच्या काठाला उलटी सापडली. पाणबुड्यांनी सहा दिवस शोधलं, पण ते तीस मीटरपर्यंतच उतरू शकत होते. तिथं तळं सत्याऐंशी मीटर खोल आहे.

रोज सकाळी पाण्याचं तापमान घेणं हे दादाचं काम. धक्क्याच्या टोकाला, एक मीटर खाली. वहीत वीस सप्टेंबरपर्यंत त्याचं अक्षर आहे. त्यानंतर माझं. मी साप्पोरोला तळ्यांचंच शिकले, पदवी घेऊन मार्चमध्ये परत आले होते.

पाणी चार अंशांच्या खाली गेलं की हंगाम संपला, दुसऱ्या दिवशी आमच्या काठावरच्या चारही टपऱ्यांच्या नावा वर. नावा ओढायचा रहाट एकच आहे आणि त्याची किल्ली सगळ्यांत जुन्या टपरीवाल्याकडे, म्हणजे बाबांकडे असते. यंदा सगळे माझ्या वहीकडे डोळे लावून होते.

सत्तावीस नोव्हेंबरला तापमान ३.९ आलं. मी वाकून पुन्हा मोजलं. ३.९. बाबा तेव्हा चार नंबर घेऊन तळ्यात गेले होते. रोज जायचे, तासभर काठाकाठानं बघत फिरायचे. नावा वर गेल्या की तेही संपणार होतं. मी वहीत ४.३ लिहिलं.

त्याआधी मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. मग नऊ दिवस लिहिले. खरे आकडे कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं टिपून ठेवत होते.

पाच तारखेला शेजारच्या टपरीच्या कुदोकाकू आल्या. हातात मुळ्याच्या लोणच्याचा डबा.

"काय गं चिनात्सु, तुझं थर्मामीटर झोपलंय का?"

"नाही, काकू. चार पॉइंट एक."

"चार पॉइंट एक! माझ्या दोरांना बर्फाच्या काड्या लोंबतायत, आणि हिचं आपलं चार पॉइंट एक! गेन्जोसान, पोरगी रात्री किटली ओतते की काय तळ्यात?"

बाबा चुलीत लाकूड सरकवत होते. "तिनं मोजलंय ना? मग तेच."

"माझ्या दोन नावा लाकडाच्या आहेत हो. बर्फ धरला की अक्रोडासारख्या फुटतील." बोलता बोलता काकूंची नजर फळीवर गेली आणि त्या थांबल्या. डबा ठेवला, झाकण उगीच दाबून बसवलं. "मीठ जरा जास्त झालंय," एवढं म्हणून निघून गेल्या.

बाबांनी रहाटाची किल्ली भिंतीवरून काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"उद्या ओढू. तिला सांगून ये."

"पण बाबा, अजून चारच्या खाली..."

"चिनात्सु. चाळीस वर्षं मी या पाण्यात हात घालतोय. सत्तावीस तारखेलाच खाली गेलं होतं."

मला त्यांच्याकडे बघवेना. "मग बोलला का नाहीत?"

"तू वहीत जास्त लिहिलेलं बघितलं. म्हटलं, पोरीला अजून थोडे दिवस हवेत. असू देत."

"मला? तुम्हाला हवेत म्हणून लिहीत होते मी! तुम्ही रोज नाव घेऊन जात होतात..."

"तू खिडकीत उभी असायचीस." त्यांनी हात चोळले. बोटांना भेगा पडल्या होत्या. "मी गेलो नसतो, तर तुला वाटलं असतं बाबांनी सोडलं."

चहाचं पाणी उकळून आटलं. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"तू हेच शिकलीस ना," शेवटी ते म्हणाले. "खरं सांग. वर येईल तो?"

हे उत्तर मला सप्टेंबरपासून माहीत होतं.

"नाही, बाबा. तिथं तळाशी बारा महिने चार अंशच असतं. ना ऊन पोचतं, ना लाट. एवढ्या खोल, एवढ्या थंडीत माणूस वर येत नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

त्यांनी चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं.

"म्हणजे आहे तसाच असेल. गेला तसाच."

"हो."

"निळा स्वेटर होता अंगात," बाबा म्हणाले. मग तोंड टॉवेलमध्ये धरून ते रडले. सप्टेंबरपासून पहिल्यांदा.

सहा तारखेला चारही टपऱ्यांची माणसं आली. दुपारपर्यंत सगळ्या नावा वर, ओंडक्यांवर उलट्या झाल्या. चार नंबर शेवटी. ती बाबांनी रहाटाला लावू दिली नाही, आम्ही दोघांनी हातांनी ओढली. कुदोकाकूंनी प्रत्येक नावेच्या पुढच्या टोकावर साके, तांदळाची दारू, ओतली. आमच्या नऊ नंबरपाशी बाटली उलटी करून तशीच धरली, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

बाबांनी पट्ट्या काढून पेटीत ठेवल्या. अकरा. नऊ नंबरच्या खिळ्यावर हात ठेवला, पक्कड मागितली, मग नको म्हणाले.

संध्याकाळी मी वहीतले नऊ खोटे आकडे खोडले आणि कॅलेंडर उलटं करून शेजारी खरे लिहिले. दादाचं अक्षर जिथं संपतं, ते पान याच्या चार पानं आधी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर घेऊन धक्क्याच्या टोकाला गेले. धक्क्याला एकही नाव नव्हती. दोर एक मीटर सोडला, तीन मिनिटं थांबले आणि वर घेतला.

७ डिसेंबर, सकाळी ७. एक मीटर खाली. २.६ अंश.